साहेबांची श्रद्धा आणि आपली नोटीस: खान्देशात विवाह नोंदणी अडली तर काय करायचं

विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न लावायला गेलेल्या जोडप्याला ‘तुमचे धर्म वेगळे, म्हणून मी हे लग्न लावणार नाही’ असं सहसा कोणी तोंडावर म्हणत नाही. ऐकू येतं ते असं: ‘आई-वडिलांना घेऊन या’, ‘आधी एकानं धर्म बदला, मग बघू’, ‘पोलीस स्टेशनचा दाखला आणा’, ‘सर्व्हर बंद आहे’, ‘साहेब नाशिकला मीटिंगला गेले’. फारच मोकळा माणूस असेल तर हळूच सांगतो, ‘भाऊ, हाई काम मन्हाकडथून व्हवाव नही.’ यातलं एकही वाक्य कागदावर येत नाही, आणि कागद नसेल तर वरच्या साहेबाकडं किंवा कोर्टात दाखवायला हातात काहीच राहत नाही. म्हणून पुढचा बराचसा खटाटोप तोंडी टोलवाटोलवी कागदावर आणण्यासाठीच आहे. एकदा ती कागदावर आली की टिकत नाही, कारण ‘माझ्या धर्मात बसत नाही’ हे कारण नकाराला लावण्याची सोय या कायद्यात कुठंच नाही.

आधी आपली बाजू तपासा

ज्या अधिकाऱ्याला मनातून हे लग्न नको आहे, त्याला आपल्या कागदातली एखादी खरी चूक मिळाली तर श्रद्धा पुढं करायची गरजच पडत नाही. तेव्हा कार्यालयाची पायरी चढण्याआधी कलम ४ घरीच तपासून घ्यावं. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नको. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. संमती देण्याइतकी मनाची स्थिती धड असावी. आणि दोघं निषिद्ध नात्यात नसावेत.

या शेवटच्या अटीवर आपल्याकडं बरेच जण अडतात. मामाची मुलगी, आत्याची मुलगी आपल्या कितीतरी घरांत चालते, मुसलमान घरांत चुलत बहीणही चालते. विशेष विवाह कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मात्र ही चारही प्रकारची बहीण (चुलत, आते, मामे, मावस) निषिद्ध यादीत आहे. रूढीची सवलत आहे, पण राज्य शासनानं राजपत्रात अधिसूचित केलेल्या रूढीलाच. नुसतं ‘आमच्यात चालतं’ एवढ्यानं भागत नाही. अशा जोडप्याला विवाह अधिकाऱ्यानं परत पाठवलं तर तो कायद्यानंच वागला. दोघांचा धर्म एकच असेल तर आपापल्या वैयक्तिक कायद्याखाली लग्न लावून त्याची नोंद करणं हा त्यांचा मार्ग. समलिंगी जोडप्यांबाबतही हेच: सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात हा कायदा त्यांना लागू करायला नकार दिला, त्यामुळं तिथं अधिकाऱ्याच्या हातात काही नाही. राग धरायचाच तर दिल्लीवर धरावा.

यानंतर रहिवास. दोघांपैकी किमान एकजण नोटीस (लग्न करणार असल्याची विवाह अधिकाऱ्याला आधी द्यायची लेखी सूचना) देण्याच्या लगेच आधीचे सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. सुरतला, उधन्याला कामाला असलेली मुलं सुटीत येऊन आठ दिवसांत नोटीस देऊ पाहतात, तिथं पहिला खोडा बसतो. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्याचा कायमचा पत्ता परराज्यातला असतो, पण कायदा कायमचा पत्ता विचारत नाही, ३० दिवसांचा वास विचारतो. भाडेकरार, क्वार्टरचं वाटपपत्र, वीजबिल, बँकेचं पासबुक यातलं जे असेल ते जोडा.

नावाची तफावत हा तिसरा खड्डा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त. हे आधीच दुरुस्त करा, नाहीतर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. बऱ्याचदा अर्ज पहिल्यांदा परत येतो तो या बारीक कारणावरून, आणि त्याआड बाकीचं सगळं लपतं.

दार कोणतं

लग्न अजून व्हायचं असेल आणि दोघांचे धर्म वेगळे असतील तर जिल्ह्याचे विवाह अधिकारी. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडं आहे आणि बहुतेक वेळा जिल्ह्याच्या ठिकाणचे दुय्यम निबंधक ते पाहतात. धडगाव, अक्कलकुवा, रावेर, शिरपूरकडच्यांना म्हणूनच जिल्ह्याला खेप घालावी लागते. निघण्याआधी कार्यालयात फोन करून त्या दिवशी अधिकारी आहेत की पदभार दुसऱ्याकडं आहे, एवढं विचारून घ्या.

लग्न घरी, देवळात किंवा निकाह लावून आधीच झालेलं असेल आणि धर्म वेगळे असतील, तर ग्रामपंचायतीत जाण्यात अर्थ नाही. हिंदू विवाह कायदा दोन हिंदूंमधल्या लग्नालाच लागतो (बौद्ध, जैन, शीख त्यात धरलेले आहेत), म्हणून हिंदू-मुसलमान लग्नाची नोंद त्याखाली करायला ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नकार दिला तर ती त्यांची श्रद्धा नव्हे, कायद्याची मर्यादा आहे. अशांसाठी विशेष विवाह कायद्याचं कलम १५ आहे. त्यात एक अट पुष्कळांना ठाऊक नसते: नोंदणीच्या दिवशी दोघांचंही वय २१ पूर्ण हवं. मुलगी १९ ची असेल तर कलम १५ चालणार नाही, तिनं कलम ५ ची नोटीस देऊन नव्यानं लग्न लावावं.

जात वेगळी पण दोघं हिंदू किंवा बौद्ध असतील तर विशेष विवाह कायद्याची गरजच नाही. हिंदू विवाह कायद्यानं लग्न लावा आणि ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत नोंद करा, ३० दिवसांची वाट पाहावी लागत नाही.

नोटीस आणि तिचं घड्याळ

कलम ५ ची नोटीस म्हणजे दोघांनी सही करून दिलेला ठरावीक नमुना. सोबत वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, फोटो, आणि आधी लग्न झालं असल्यास वर सांगितलेले कागद. विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन नोटीस भरण्याची सोयही आहे. ज्यांना अडवणुकीची भीती आहे त्यांनी तीच वापरावी, कारण तिथं अर्ज क्रमांक आपोआप मिळतो आणि ‘अर्ज आलाच नाही’ म्हणायला जागा उरत नाही. आई-वडिलांची संमती, धर्मांतराचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत पत्र यातलं काहीही कायदा मागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनानं आंतरधर्मीय विवाहांसाठी एक समन्वय समिती नेमली होती, तिचा हवाला कोणी दिला तर लक्षात ठेवा: लग्नाला तिची परवानगी लागते असं कायद्यात कुठं नाही.

नोटीस घेतल्यावर अधिकाऱ्यानं दोन कामं करायची असतात: नोटीस बुकात नोंद, आणि कार्यालयात ठळक जागी प्रत लावणं. दोघांपैकी कोणाचा कायमचा राहण्याचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडंही जाते आणि तिथं लागते. सुरत किंवा बुऱ्हाणपूरचा पत्ता असेल तर ही प्रत राज्याबाहेर जाईल, हे धरून चाला.

आता घड्याळ. या लग्नावर कोणाला आक्षेप घ्यायचा असेल तर त्यासाठीचे ३० दिवस नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द होते (कलम १४), पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या दोन तारखांमधल्या फटीतच न बोलता अडवता येतं. समजा ५ जानेवारीला नोटीस दिली आणि त्याच दिवशी फलकावर लागली, तर ५ फेब्रुवारीपासून लग्न लावता येतं आणि ४ एप्रिलपर्यंत वेळ आहे. तीच नोटीस टेबलाच्या खणात पडून २५ जानेवारीला लागली, तर ३० दिवस २४ फेब्रुवारीला संपतात. २३ फेब्रुवारीला कोणी आक्षेप टाकला आणि चौकशीनं आपले ३० दिवस पुरेपूर घेतले, तर २५ मार्च उजाडतो. हातात दहा दिवस. त्यात साहेब रजेवर गेले की नोटीस मेली, आणि कोणी कधी ‘नाही’ म्हटलंच नाही.

म्हणून नोटीस दिल्याच्या दिवशीच नोटीस बुकातला क्रमांक मागून घ्या. कलम ६ प्रमाणे हे बुक कोणालाही कार्यालयाच्या वेळेत मोफत पाहता येतं. दुसऱ्या दिवशी फलकाचा फोटो काढा. नोटीस लागलेली नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा.

उलट बाजूही पाहा. ३० दिवस पुरे होण्याआधी लग्न लावलं तर कलम ४६ प्रमाणे अधिकाऱ्यालाच एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा ‘जरा आधी उरकून टाका’ असा लकडा लावू नये. तिथं त्याची भीती खरी आहे, आणि विनाकारण त्याला शत्रू करून ठेवण्यात आपलाच तोटा. फलकावर नोटीस लावण्याबाबत अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये वेगळा निकाल दिला, जोडप्यानं मागितली तरच ती प्रसिद्ध करावी असा. पण तो आपल्या कार्यालयांवर बंधनकारक नाही, त्याच्या जोरावर इथं वाद घालून वेळ घालवू नका.

तोंडी नकार कागदावर आणणं

काउंटरवर अर्ज घेतला नाही तर तिथं आवाज चढवायचा नाही. फलक फाडणं, टेबल आपटणं, कॉलर धरणं तर दूरच. सरकारी कामात अडथळ्याचं कलम (पूर्वीचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२) आपल्याकडं फार लवकर बाहेर निघतं, आणि मग जोडपंच आरोपी होऊन बसतं. सोबत एक शांत स्वभावाचा माणूस न्या. दहा जणांचं टोळकं नको.

अर्ज दोन प्रतींत. तो त्या साहेबांच्या हातात देण्याचा आग्रह धरू नका, आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. तिथंही नकार मिळाला तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन पोच मागून स्पीड पोस्टानं पाठवा, आणि कार्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर तीच प्रत टाका. मजकूर एवढाच पुरे:

‘दि. ___ रोजी सकाळी ___ वाजता आम्ही विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम ५ प्रमाणे नोटीस व सोबतची कागदपत्रे आपल्या कार्यालयात सादर करण्यास आलो. ___ या पदावरील अधिकाऱ्यांनी ती स्वीकारली नाही व ___ असे कारण तोंडी सांगितले. ती नोटीस या पत्रासोबत पुन्हा सादर करीत आहोत. ती स्वीकारून नोटीस बुकातील क्रमांक द्यावा. स्वीकारता येत नसल्यास कायद्याच्या कोणत्या कलमान्वये, ते लेखी कळवावे.’

यात दोन पथ्यं पाळा. तोंडी सांगितलेलं कारण जसंच्या तसं, अवतरणात लिहा, त्यावर टीका नको. आणि ‘अधिकाऱ्यांनी धार्मिक द्वेषातून’ वगैरे शब्द पहिल्या पत्रात अजिबात नकोत. मनात काय होतं हे सिद्ध करणं अवघड आणि गरजेचंही नाही, काम झालं नाही एवढं सिद्ध होणं पुरेसं. शिवाय अब्रूवर आलेला अधिकारी कागदोपत्री स्वतःला सावरण्यात महिना घालवतो. त्याला मागं सरायला जागा ठेवली तर दुसऱ्या दिवशी निमूटपणे नोटीस घेतली जाण्याची शक्यता बरीच.

एका अधिकाऱ्याला हे काम मनाविरुद्ध वाटत असेल आणि त्यानं वरिष्ठांना सांगून ते पदभार असलेल्या दुसऱ्या विवाह अधिकाऱ्याकडं वेळेत दिलं, तर आपण आडवं पडू नये. कलम ३ प्रमाणे शासन एका जिल्ह्यासाठी एकाहून अधिक विवाह अधिकारी नेमू शकतं. आपला हक्क काम वेळेत होण्याचा आहे, कोणाच्या सहीनं व्हावं याचा नाही. मात्र ‘दुसरे साहेब येतील तेव्हा या’ हे उत्तर तारखेशिवाय घेऊ नका.

सात दिवसांनंतर

लेखी उत्तर आलं नाही तर तीन गोष्टी एकाच वेळी करा, एकामागून एक नाही.

पहिली, वरिष्ठांकडं तक्रार: सह जिल्हा निबंधक, प्रत नोंदणी उपमहानिरीक्षक, नाशिक विभाग, आणि नोंदणी महानिरीक्षक, पुणे. तक्रारीत २००५ च्या दफ्तर दिरंगाई कायद्याचं कलम १० लिहा. साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडं सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ च्या नियम ३ मधली कर्तव्यपरायणतेची अटही नोंदवा.

दुसरी, माहिती अधिकार अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दोनच गोष्टी मागा: ‘आमच्या दि. ___ च्या नोटिशीवर आजपर्यंत झालेली दैनंदिन कार्यवाही व ती सध्या ज्यांच्याकडे प्रलंबित आहे त्यांचे पदनाम’ आणि ‘विशेष विवाह कायद्याखालील नोटिशीसोबत पालकांची संमती किंवा पोलिसांचे ना-हरकत पत्र मागण्याबाबतच्या शासन निर्णयाची वा परिपत्रकाची प्रत’. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘उपलब्ध नाही’ असं आलं की तो कागद जपून ठेवा, पुढं कोर्टात पानभर युक्तिवादापेक्षा तो जास्त कामाला येतो.

तिसरी, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कार्यालयाच्या फलकावर कोणत्या सेवा, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण, पहिलं आणि दुसरं अपील कोणाकडं, हे लावणं बंधनकारक आहे. आपली सेवा त्या यादीत असेल तर मुदत उलटल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ३० दिवसांत दुसरं, आणि मग ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती बसू शकते. रक्कम फार नाही, पण ती स्वतःच्या खिशातून जाते.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथं विषय मांडता येतो, पण एवढ्यावर विसंबून राहू नका. तिथून पत्र पुन्हा त्याच कार्यालयात ‘उचित कार्यवाहीस्तव’ फिरत येतं.

पोलिसांत गुन्हा नोंदवायची घाई करू नये असं आमचं मत. न्याय संहितेचं कलम १९८ (जुनं १६६) लोकसेवकानं कायद्याचा आदेश जाणूनबुजून मोडण्यासाठी आहे, एक वर्षापर्यंत साधी कैद. पण त्यात कोणाला अपाय व्हावा असा हेतू, किंवा तसं होईल याची जाण, दाखवावी लागते, आणि खटल्यासाठी शासनाची मंजुरी आड येते. त्यात वर्ष जाईल आणि नोटीस तीनच महिने जगते.

आक्षेप आला तर

आक्षेप कोणीही घेऊ शकतं: बाप, चुलता, गावातला पुढारी, मुलीला कधी न पाहिलेला माणूससुद्धा. पण तो कलम ४ मधल्याच एखाद्या अटीवर हवा, लेखी नोंदलेला आणि आक्षेप घेणाऱ्याच्या सहीचा. ‘समाजात तेढ निर्माण होईल’, ‘मुलीला फूस लावली’, ‘आमची संमती नाही’ ही कलम ४ मधली कारणं नाहीत. आक्षेपाची प्रत मागा, आणि त्यात कलम ४ चा कोणता खंड मोडला हे लिहिलेलं नसेल तर लगेच लेखी हरकत द्या.

चौकशी ३० दिवसांत संपवून निर्णय द्यायचाच असतो. आक्षेप खोडसाळ निघाला तर अधिकारी त्या माणसाला १,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो (कलम ९). आक्षेप मान्य करून लग्न नाकारलं तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारलाच. अपील केलं की नोटिशीचे तीन महिने त्या निकालापासून नव्यानं मोजतात.

इथं गल्लत होते. हे अपील आक्षेप मान्य झाल्यावरचं आहे. नोटीस घेतलीच नाही, किंवा आक्षेप नसताना लग्न लावायला टाळाटाळ चालली आहे, अशा वेळी ते लागू पडत नाही. तिथं मार्ग उच्च न्यायालयाचा: घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट, परमादेश (अधिकाऱ्यानं आपलं काम करावं असा कोर्टाचा हुकूम) मागायचा. आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाच्या हद्दीत येतात. परमादेश मागताना कोर्ट आधी पाहतं की अर्जदारानं अधिकाऱ्याकडं स्पष्ट मागणी केली होती का आणि ती नाकारली गेली का. आवक शिक्क्याची प्रत आणि स्पीड पोस्टची पोच याच कामाची. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

‘धर्मस्वातंत्र्य मलाही आहे’

आहेच. घटनेचा अनुच्छेद २५ अधिकाऱ्यालाही लागू आहे. पण तो सुरुवातीलाच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन ठेवलेला आहे, आणि त्या इतर तरतुदींत समोरच्या जोडप्याचे १४, १५ आणि २१ हे अनुच्छेद येतात. सज्ञान माणसानं जोडीदार निवडायला घरच्यांची वा समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात स्वच्छ सांगितलं आहे.

अभ्यासू अधिकारी १९८६ चा केरळचा बिजो इमॅन्युएल निकाल पुढं करू शकतो. राष्ट्रगीत न गाणाऱ्या तीन शाळकरी मुलांना न्यायालयानं संरक्षण दिलं होतं. पण ती मुलं अदबीनं उभी होती आणि त्यांच्या गप्प राहण्यानं दुसऱ्या कोणाचं काम अडलं नव्हतं. खुर्चीत बसून नोटीस न घेणं वेगळं.

बाहेरही हा वाद झाला आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी २०१५ मध्ये ख्रिस्ती श्रद्धेचं कारण देऊन विवाह परवाने देणं थांबवलं. न्यायालयाचा आदेश मोडला म्हणून त्या पाच दिवस कोठडीत होत्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं अपील ऐकायला नकार दिला. लंडनमधल्या इस्लिंग्टनच्या निबंधक लिलियन लडेल यांचा असाच दावा युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०१३ मध्ये फेटाळला. हे निकाल आपल्याकडं बंधनकारक नाहीत, अर्जात घालू नका. वकिलाला सांगण्यापुरते ठीक.

ग्रामपंचायतीत अडलं तर

एकाच धर्मातल्या लग्नाची नोंदही श्रद्धेपायी अडते. महाराष्ट्र विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली गावात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) विवाह निबंधक असतात. सत्यशोधक पद्धतीनं लग्न लागलं म्हणून ‘भटजीची सही कुठंय?’ असं विचारलं जातं. अर्जात पुरोहिताचा रकाना असतो, तिथं ज्यांनी लग्न लावलं त्यांची सही द्या. भिल्ल, पावरा घरांकडं सप्तपदीचा फोटो मागणं तर दुहेरी चूक. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना केंद्राच्या अधिसूचनेशिवाय लागू होत नाही, आणि हिंदूंतही सप्तपदी ज्यांच्या रूढीत आहे त्यांनाच आवश्यक. जमातीच्या रूढीप्रमाणे लग्न लागल्याचं तीन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून द्या, पोच घ्या. ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला लोकसेवा हक्काच्या यादीत आहे, तेव्हा तक्रार सरपंचांच्या ओट्यावर न नेता थेट फलकावरच्या अपिलीय अधिकाऱ्याकडं न्या.

सरकारी दवाखान्यात

श्रद्धेपायी अडवणूक दवाखान्यातही होते. गर्भपाताला ‘आम्ही हे पाप करत नाही’ म्हणून परत पाठवलं तर वरची पत्रांची साखळी वापरू नका, तेवढा वेळ नसतो. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, ठरावीक गटांसाठी २० ते २४ आठवड्यांत दोघांचं लागतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती (नमुना सी) पुरेशी. नवऱ्याची वा सासूची सही मागता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांच्या तरतुदीत धरलं आहे. त्याच दिवशी जिल्हा शल्य चिकित्सकांना किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना भेटा, ‘दुसरे डॉक्टर द्या’ एवढंच मागा, आणि केसपेपरवर आजची तारीख व किती आठवडे झाले ते लिहून घ्या.

जिवाची काळजी

फलकावरची नोटीस घरच्यांच्या कानावर जाणार हे गृहीत धरा. धोका वाटत असेल तर नोटीस देण्याच्या आधी जिल्हा पोलीस अधीक्षकांना दोघांच्या सहीनं अर्ज द्या: वय, स्वेच्छा, कोणापासून भीती, कुठं राहणार. शक्ती वाहिनी निकालानं अशा जोडप्यांच्या संरक्षणाची जबाबदारी जिल्हा पोलिसांवर टाकली आहे. तातडीला ११२. नोटीस घरच्या पत्त्यावर पाठवायची तरतूद कायद्यात नाही, दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये अशी प्रथा बेकायदा ठरवली. कार्यालय तसं करू पाहत असेल तर आधीच लेखी हरकत नोंदवा. मूळ कागद, विशेषतः दहावीची सनद आणि जन्मदाखला, घरातून आधी हलवा. नंतर ते हाती लागत नाहीत.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हवेत. ऐन वेळी एक जण फिरला तर तेवढ्यावरून तारीख पुढं जाते, म्हणून चौथा बाहेर उभा ठेवा. जाहीरनाम्यावर दोघांनी आणि साक्षीदारांनी सही करायची, मग अधिकाऱ्यासमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं वाक्य म्हणायचं. बाकी विधी हवा तर करा, नको तर राहू द्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर टेबल सोडण्याआधी नावं, जन्मतारखा, पत्ते एकेक अक्षर वाचा. चूक दिसली तर तिथंच सांगा: कलम ४९ प्रमाणे चूक लक्षात आल्यापासून एक महिन्यात, दोघांच्या समक्ष, मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती करता येते. प्रमाणित प्रती त्याच वेळी तीन-चार मागून घ्या. पासपोर्ट, बँक आणि रेशनकार्डासाठी त्या लागतात, आणि त्याच कार्यालयात पुन्हा खेप घालायची वेळ येत नाही.